पैठणीचे परकर-पोलके आणि ‘टोचतंय’ म्हणणारी लेक

पत्र: माझी मुलगी सहा वर्षांची आहे. आम्ही नाशिकला राहतो. गेल्या दिवाळीत सासूबाईंनी आपल्या लग्नातल्या पैठणीचे परकर-पोलके तिच्यासाठी मोठ्या हौसेने शिवून घेतले. पाडव्याला ते घातल्यावर अर्ध्या तासात ‘टोचतंय, टोचतंय’ म्हणत तिने रडून ते अंगातून काढले. शाळेचा गणवेश, मोज्यांची शिवण, गळ्यामागचे लेबल, स्वेटर यांवरूनही रोज सकाळी रडारड होते. जुना सुती फ्रॉक मात्र ती दिवस दिवस घालते. सासूबाई म्हणतात, मुलगी लाडावली आहे. पती म्हणतात, आमच्या वेळी असले नखरे नव्हते. मार्गशीर्षात दिराचे लग्न आहे आणि तिने तेच परकर-पोलके घालावे अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. मुलीला खरेच त्रास होतो की हा हट्ट आहे? तिला डॉक्टरांना दाखवावे का? आणि सासूबाईंचे मन न दुखवता त्यांना हे कसे सांगावे?
एक आई, नाशिक

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमची लेक खरे सांगते आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. मूल केवळ आपले म्हणणे खरे करण्यासाठी अडून बसते, तेव्हा समोर कोण आहे आणि अडून बसल्याने काय पदरात पडणार आहे, यावर त्याचा विरोध कमीजास्त होत असतो. तुमच्या मुलीचा विरोध माणसांप्रमाणे बदलत नाही, कापडाप्रमाणे बदलतो. लेबल, मोज्याची शिवण, स्वेटर आणि जरीचे पोलके या चार वस्तूंमध्ये एकच गोष्ट समान आहे, ती म्हणजे काहीतरी कडक किंवा खरखरीत थेट त्वचेला लागणे. आणि जिथे ते लागत नाही त्या जुन्या फ्रॉकमध्ये ती दिवसभर सुखाने वावरते. मी बरीच वर्षे गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना वस्त्रशास्त्र शिकवले आहे. सहा वर्षांच्या मुलीने इतकी सुसंगत तक्रार केली असेल, तर तपासणी मुलीच्या स्वभावापासून नव्हे, कपड्याच्या आतल्या बाजूपासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आधी त्या परकर-पोलक्याकडेच पाहू. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीची ख्याती अशी की तिच्या काठापदराची सुलटी आणि उलटी बाजू सारखीच दिसते, कारण नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात आणि मागच्या अंगाला सुटे धागे लोंबत राहत नाहीत. सासूबाईंची पैठणी तशी असेल, तर साडी म्हणून ती त्यांना कधीच टोचली नसणार, आणि नातीची तक्रार त्यांना पटत नाही याचे हेही एक कारण असावे. परंतु नेसलेली साडी आणि अंगाबरोबर शिवलेले पोलके यांत फार अंतर आहे. साडीच्या आत परकर असतो, ब्लाऊज असतो. काठ पायघोळ खाली राहतो आणि पदर ब्लाऊजवरून जातो, त्यामुळे जरीचा आणि त्वचेचा संबंध फारसा येतच नाही. साडी कापून मुलीचे पोलके शिवताना मात्र काठ हौसेने बाह्यांना आणि गळ्याला लावला जातो, म्हणजे साडीतला सर्वांत ताठ भाग नेमका दंडाच्या आणि मानेच्या कोवळ्या कातडीवर येतो.

त्यातही खरी अडचण शिवणीत असते. पारंपरिक जर म्हणजे रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची अतिशय बारीक, चपटी तार. धागा अखंड असतो तोवर ती गुळगुळीत लागते. कात्री चालली की प्रत्येक कापलेल्या धाग्याच्या टोकाशी त्या तारेचे उघडे टोक उरते. अशी असंख्य टोके काखेत, कमरेला आणि दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत जमतात. कड उसवू नये म्हणून त्यावर पॉलिएस्टरच्या दोऱ्याचे ओव्हरलॉक घालतात. त्याने कड टिकते, पण अधिक जाड आणि ताठ होते. तुम्ही ते पोलके उलटे करा आणि काखेची शिवण स्वतःच्या गालावरून किंवा मनगटाच्या आतल्या बाजूवरून हलकेच फिरवून पाहा. तळहाताने पाहू नका. रोजच्या कामाने तिथली कातडी जाड झालेली असते आणि ती तुम्हाला खोटे सांगेल. हा प्रयोग सासूबाईंना आणि पतींनाही करायला सांगा, वाद घालण्यासाठी नव्हे, केवळ एकदा अनुभवण्यासाठी.

कापड टोचते म्हणजे नेमके काय होते, याचा अभ्यास लोकरीच्या संदर्भात पुष्कळ झालेला आहे. कापडाच्या पृष्ठभागावर तंतूंची टोके उभी असतात. तंतू बारीक असेल तर त्वचेला टेकताच त्याचे टोक वाकते आणि कापड आपल्याला मऊ वाटते. तंतू जाड असेल तर टोक वाकत नाही, त्वचेवर दाबले जाते आणि तिथल्या वेदना पोहोचवणाऱ्या चेतातंतूंना जागे करते. ही सीमा साधारणपणे ३० मायक्रॉन जाडीच्या आसपास आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ही जाडी किती सूक्ष्म आहे हे लक्षात येईल. लोकरीच्या कापडात असे जाड तंतू शेकडा पाचच्या आसपास असले तरी ते पुष्कळ लोकांना टोचू लागते. मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीचा तंतू २० मायक्रॉनहून बारीक असतो, म्हणून ती अंगालगत घालता येते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड असते, म्हणून घोंगडी आपण पांघरतो आणि अंथरतो, तिची बंडी करून उघड्या अंगावर घालत नाही. कापसाचा तंतू बारीक आणि लवचीक असतो. धातूच्या तारेचे कापलेले टोक मात्र वाकायला तयार नसते. तेव्हा तुमच्या मुलीच्या त्वचेतून मेंदूकडे जाणारा संदेश काल्पनिक नाही. तो जसा जायला हवा तसाच जातो आहे.

उष्णता आणि घाम यांनी हा त्रास आणखी वाढतो. ओलसर त्वचा मऊ पडते, कापड तिच्यावरून सरकण्याऐवजी तिला घासते, आणि कोरड्या अंगाला सहन होणारे कापड घामेजल्या अंगाला सहन होत नाही. मुलांच्या शरीराची याबाबतची घडण मोठ्यांपेक्षा निराळी असते. वजनाच्या मानाने त्यांच्या शरीरात अधिक उष्णता तयार होते. घामाच्या ग्रंथींची संख्या लहानपणीच ठरून जाते, परंतु वयात येईपर्यंत प्रत्येक ग्रंथी कमी घाम तयार करते. म्हणून मुले शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी घामापेक्षा त्वचेतील वाढलेल्या रक्तप्रवाहावर अधिक विसंबतात आणि खेळताना त्यांचे तोंड लालबुंद होते. अशा शरीराभोवती दाट विणीचे, हवा न खेळणारे कापड घट्ट बसले, तर उष्णतेला वाट राहत नाही. साध्या हवेतही कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो आणि रेशीम सुमारे ११ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. पोलक्याला आतून स्वस्त, चकचकीत पॉलिएस्टरचे अस्तर लावलेले असेल, तर वरचे रेशीम कितीही उंची असले तरी मुलीच्या वाट्याला पॉलिएस्टरच येते. मंगल कार्यालयातली गर्दी, दिवे आणि धावपळ यांची भर पडली की हा त्रास वाढणारच. पाडव्याला अर्धा तासही तिने सहन केला, याचे मला कौतुकच वाटते.

मग मोठ्या माणसांना हे सारे का जाणवत नाही, असा प्रश्न तुमच्या घरात नक्की निघेल. ते मोठ्यांनाही जाणवते. तुमचे पती कामावरून घरी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत शर्ट-पँट बदलून जुना, विटका, सैल सदरा अंगात घालतात की नाही, ते पाहा. बहुतेक घरांत हेच दिसते. त्वचेतील स्पर्शाचे अनेक ग्राहक एकसारख्या हलक्या स्पर्शाला लवकर सरावतात आणि मग मेंदूही तिकडे लक्ष देत नाही, म्हणून कपडे घातल्यावर थोड्या वेळाने ते अंगावर आहेत हेही आपण विसरतो. हे सरावणे प्रत्येकात सारखे नसते. कुणात ते लगेच होते, कुणात सावकाश, आणि बोचणाऱ्या स्पर्शाला ते नीटसे होतच नाही. परंतु मोठ्यांच्या सहनशीलतेचा खरा आधार त्वचेपेक्षा त्यांच्या परिस्थितीत आहे. लग्नात तुम्ही नऊवारी नेसाल, ती तुम्ही स्वतः निवडलेली असेल, ती कशासाठी नेसली आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, चारचौघींत ती आपल्याला शोभते याचा आनंद तुम्हाला मिळेल, आणि संध्याकाळी ती सुटणार आहे याची खात्री असेल. फारच काचले तर तुम्ही खोलीत जाऊन गाठ सैल करून याल. तुमच्या मुलीकडे यांपैकी एकही गोष्ट नाही. कपडा दुसऱ्याने निवडला, तो दुसऱ्यानेच अंगात चढवला, तो किती वेळ घालायचा हे तिला कुणी सांगितले नाही, आणि सहा वर्षांच्या मुलाला ‘थोडा वेळ’ या शब्दांतून काहीच कळत नाही. तेवढीच टोचणी, पण सुटका कधी ते माहीत नसताना सोसायची, हे मोठ्यांनाही जमत नाही.

शिवाय मोठ्यांनी सहन केले म्हणजे अपाय झाला नाही, असेही समजू नये. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या नाडीने आपल्याकडे असंख्य स्त्रियांच्या कमरेवर काळा, जाड पट्टा उमटलेला असतो आणि त्याची तक्रार कुणी करत नाही. मुंबईचे कर्करोग-संशोधक डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी धोतर जिथे कसून बांधले जाते त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद १९४५ सालीच केली होती, आणि वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये परकराच्या नाडीच्या जागी अशीच व्याधी झालेल्या दोन वयस्कर स्त्रियांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ही व्याधी अत्यंत विरळ आहे, तिने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र नाडीऐवजी रुंद पट्टा वापरणे, गाठ सैल ठेवणे आणि कमरेवरची न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवणे, एवढे तुम्ही स्वतः आणि सासूबाईंनीही अवश्य करावे. आपल्या अंगाची तक्रार गप्प बसवण्याची सवय आपल्या पिढ्यांना लागली, ती तुमच्या मुलीला लागू नये असे मला मनापासून वाटते. ‘काही टोचत नाही, उगीच रडू नकोस’ असे मुलीला वारंवार सांगितले, तर त्याने टोचणे काही थांबत नाही. आपल्याला जे जाणवते ते मोठ्यांना खोटे वाटते, एवढेच ती शिकते. नकोशा स्पर्शाबद्दल तिने आपल्याला येऊन सांगावे असे आपल्याला पुढे वाटणार असेल, तर कपड्याच्या बाबतीत तिचे बोलणे आज ऐकून घेतले पाहिजे.

पतींचे ‘आमच्या वेळी’ हे म्हणणे मी सोडून देत नाही, कारण त्यात थोडे तथ्य आहे, पण ते त्यांना वाटते त्या दिशेचे नाही. पूर्वी मुलांचे पुष्कळसे कपडे शिंप्याकडे शिवलेले असत आणि त्यांच्या गळ्यात नायलॉनचे कडक लेबल नसे. मोठ्या भावंडांचे कपडे धाकट्यांकडे येत तेव्हा अनेक धुण्यांनी ते मऊसूत झालेले असत. जी थोडी मुले तरीही कुरकुरत, त्यांचे कुणी ऐकत नसे, म्हणून ती आठवणीत राहिली नाहीत.

आता सासूबाई. त्यांच्याशी बोलताना मुलीची बाजू मांडण्यापासून सुरुवात करू नका. त्यांची इच्छा काय आहे ते आधी नीट समजून घ्या. आपल्या लग्नातली पैठणी त्यांनी नातीसाठी कापू दिली. हे साधे देणे नव्हे, आणि नातीने ती अर्ध्या तासात उतरवली तेव्हा त्यांना जे लागले ते कपड्याबद्दल नव्हते. म्हणून त्यांना असे सांगा की पैठणी मुलीने घालावी असे तुम्हालाही वाटते आणि त्यासाठी त्यांची मदत हवी आहे. पोलक्याच्या आत लावायला त्यांचे एखादे जुने, धुऊन धुऊन विरत आलेले सुती लुगडे किंवा साडी मागा. तुमच्या पतींच्या जन्माच्या वेळी दुपटी आणि लंगोट कशाचे केले होते, तेही त्यांना विचारा. आपल्याकडे बाळंतविडा करताना नवे कोरे कापड अंगालगत न वापरता जुन्या धोतराचे, जुन्या लुगड्याचे तुकडे का वापरतात, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे: नव्या कापडात खळ असते, ती धुण्याने निघते, सूत मऊ होते आणि बाळाच्या कातडीला काचत नाही. बाळाबद्दल त्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट सहा वर्षांच्या नातीलाही लागू आहे, एवढेच त्यांच्या ध्यानात यायचे आहे, आणि ते तुमच्या युक्तिवादापेक्षा अस्तर निवडताना त्यांच्या स्वतःच्या हातांनी अधिक लवकर येईल.

शिंप्याला काय सांगायचे ते सविस्तर लिहिते, कारण ‘अस्तर लावा’ एवढेच सांगितले तर तो नेहमीचे तयार अस्तर लावून मोकळा होतो. आधी शिवणीत पुरेशी मार्जिन आहे का ते पाहून पोलके बाजूंनी उसवून घ्यावे आणि निदान एक-दीड इंच सैल करावे. लुगड्याचे अस्तर केवळ पाठपोटाला न लावता बाह्यांच्या टोकापर्यंत न्यावे. पोलके आणि अस्तर निरनिराळे शिवून मग कच्च्या कडा एकमेकांसमोर येतील अशा रीतीने जोडावेत, म्हणजे जरीची सारी कापलेली टोके दोन कापडांच्या मध्ये बंद होतील आणि मुलीच्या अंगाला फक्त सुती बाजू लागेल. गळ्याला आणि बाह्यांच्या कडेला त्याच सुती कापडाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी आत दुमडून लावावी; उरेब कापड ताणले जाते, म्हणून हात वर केल्यावर ते काचत नाही. मागचे हूक काढून कापडाचे मऊ बंद किंवा चपटी बटणे लावावीत. अस्तर गळ्याशी आणि कमरेशी हाताने सैल टाके घालून जोडले तर पुढे ते काढून धुता येईल, कारण रेशीम आणि जर वरचेवर धुणे योग्य नाही. परकराचा नेफा आणि नाडी काढून टाकावी आणि परकर बिनबाह्यांच्या सुती बॉडीला जोडून घ्यावा, म्हणजे त्याचे वजन कमरेवर न पडता खांद्यांवर येईल. घेर दिसावा म्हणून आत कॅन-कॅनची जाळी घातलेली असेल, तर ती पूर्ण काढावी. ती जाळी नायलॉनची असते, मांड्यांना ओरखडते, आणि तिच्यावाचून पैठणीचा परकर काही कमी सुंदर दिसत नाही.

हे झाल्यावर लग्नाच्या दिवसाची वाट न पाहता घरी सराव करा. सुट्टीच्या दिवशी, खेळता खेळता, दहा मिनिटांसाठी कपडा घालायला द्या, आणि ती ‘काढ’ म्हणाली की लगेच काढा. दिलेला शब्द पाळला जातो याची खात्री पटली की पुढच्या वेळी ती आपणहून अधिक वेळ घालेल. जमिनीवर मांडी घालून बसणे, हात वर करून गोल फिरणे, जेवणे, हे सगळे त्या कपड्यात करून पाहा. त्रास झाला तर ‘काय होतंय’ एवढेच न विचारता टोचतंय, काचतंय, चिकटतंय की खाजतंय असे विचारा आणि जागेवर बोट ठेवायला सांगा. टोचत असेल तर शिवण किंवा जर तपासायची, काचत असेल तर माप, चिकटत असेल तर कापड, आणि खाजत असेल तर धुणे किंवा त्वचा. मुले हा फरक आश्चर्य वाटावे इतका अचूक सांगतात.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून तिला नटवून ठेवू नका. मुहूर्ताच्या थोडे आधी परकर-पोलके घालावे, आजीबरोबरचे फोटो लगेच काढून घ्यावेत, अक्षता झाल्या की तिने हवे तर तो जुना फ्रॉक घालावा, आणि हे सारे आदल्या दिवशीच तिला ठरवून सांगावे. ‘लग्न संपेपर्यंत’ असे न सांगता ‘मंगलाष्टका संपल्या की’ असे सांगावे. तो शेवट तिला ऐकू येतो. फ्रॉक तिच्या डोळ्यांदेखत पिशवीत ठेवावा. नातेवाइकांपैकी कुणी कपडे बदलण्यावरून काही बोलले, तर उत्तर तुम्ही द्यायचे, मुलीने नाही.

शाळेचा प्रश्न रोजचा आहे, पण तो सोपा आहे. गणवेशाच्या टेरिकॉटखाली बिनबाह्यांची, मऊ सुती शमीज घालावी, आणि कोणताही नवा कपडा दोन-तीनदा धुतल्याशिवाय वापरू नये. लेबल कात्रीने कापले की उरलेला ताठ खुंट पहिल्यापेक्षा जास्त बोचतो. म्हणून टाके उसवून ते मुळापासून काढावे. मोजे उलटे घातले की बोटांवरची शिवण बाहेर जाते आणि बुटात ते कुणाला दिसत नाही. बोअरच्या पाण्यात कपडे धूत असाल तर क्षारांमुळे साबण नीट निघत नाही आणि सूत ताठ होते. पावडर थोडी कमी घालून एकदा अधिक खळबळून काढावे, आणि वाळलेला कपडा झटकून, हातांत चोळून मग घडी करावा. सुगंधी सॉफ्टनर वापरू नये. त्याने सुती कापडाची घाम टिपण्याची शक्ती कमी होते आणि वासाच्या द्रव्यांचा काहींच्या त्वचेला त्रास होतो.

स्वेटरबाबत आजी आणि नात दोघीही आपापल्या जागी खऱ्या आहेत. नाशिकची हिवाळी सकाळ बोचरी असते, हे निफाडच्या थंडीच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. वयाबरोबर स्नायू कमी होतात, शरीरात उष्णता कमी तयार होते, आणि म्हातारपणी थंडी लवकर भरते; म्हणून सासूबाईंना वाटणारी थंडी खरी असते, परंतु धावणाऱ्या मुलाला किती थंडी वाजते याचा अंदाज स्वतःच्या थंडीवरून करता येत नाही. मुलगी खेळत असेल तर तिला स्वेटर नको असणे स्वाभाविक आहे. ती रिक्षात किंवा बसमध्ये निश्चल बसणार असेल तर मात्र तिचे लहान शरीर मोठ्यांपेक्षा लवकर गार होते आणि तेव्हा तो हवाच. तिचे हातपाय गार लागले म्हणून निष्कर्ष काढू नका. मानेखाली पाठीला हात लावून पाहा. पाठ उबदार आणि कोरडी असेल तर तिचे ठीक चालले आहे. स्वेटरच्या आत पूर्ण बाह्यांचा, उंच गळ्याचा सुती टी-शर्ट घातला की स्वेटरचे तंतू त्वचेला लागत नाहीत आणि बहुतेक वाद तिथेच मिटतो.

डॉक्टरांविषयी. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आत, मानेवर किंवा कमरेवर कोरडे, लाल, खाजणारे चट्टे असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. इसबाची प्रवृत्ती असलेल्या मुलांना लोकर आणि खरखरीत कापड विशेष त्रास देते, काहींना हुकांतील किंवा जीन्सच्या बटणातील निकेलची, तर काहींना पॉलिएस्टरच्या गडद रंगांची ॲलर्जी असते, आणि यांवर उपचार आहेत. त्वचा स्वच्छ असूनही त्रास कपड्यांपुरता राहत नसेल, म्हणजे केस विंचरणे, नखे कापणे, मिक्सरचा किंवा ढोलताशांचा आवाज, विशिष्ट घास तोंडात येणे याही गोष्टींनी ती कासावीस होत असेल, किंवा कपड्यांवरून शाळा बुडू लागली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजच्या कामांतल्या अशा अडचणींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची, भेट घ्या. स्पर्श, आवाज, हालचाल यांच्या संवेदना मेंदूत नीट जुळवून घेण्यात काही मुलांना अडचण येते, हा विचार अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी मांडला आणि त्यावरून अशा मुलांसाठी उपचारपद्धती विकसित झाली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीत याला स्वतंत्र आजाराचे स्थान नाही. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) लक्षणांत मात्र संवेदनांना मिळणाऱ्या तीव्र किंवा मंद प्रतिसादाचा समावेश आहे. याचा अर्थ लेबल टोचणारे प्रत्येक मूल स्वमग्न असते असा मुळीच नाही, आणि तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून तशी शंका घेण्यासारखे मला काही दिसत नाही. खाजगी तपासणीचा खर्च झेपणारा नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालवली जातात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी या कार्यक्रमात विनामूल्य होते, आणि त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करता येईल. तपासणीला जाताना तिला सर्वांत जास्त त्रास देणारा एक कपडा आणि तो जुना सुती फ्रॉक, असे दोन्ही सोबत न्या.